रक्तदान, रक्तमोक्षण आणि रक्तातील सूक्ष्मप्लास्टिक

गेल्या मे महिन्यात सदर येथे, रेसिडेन्सी रोडलगतच्या एका सभागृहात भरलेल्या रक्तदान शिबिरास नोंदणीच्या टेबलावर मदत करण्याचा योग आला. नागपूरच्या उन्हाळ्यात महाविद्यालयांना सुट्या असतात, शिबिरे रोडावतात आणि नेमक्या याच दिवसांत रक्तपेढ्यांतील साठा खालावतो, हे आपण सर्वजण जाणतोच. त्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागतच होते. पंचविशीतील एक तरुण अर्ज भरता भरता म्हणाला, “डॉक्टरसाहेब, दर तीन महिन्यांनी रक्त दिलं की अंगातलं प्लास्टिक निघून जातं म्हणतात. मी त्यासाठीच आलोय.” पुढच्याच आठवड्यात परिचयातील एका फार्मसीमालकांचा दूरध्वनी आला. शरद ऋतूत ते जलौकावचरणाचे शिबिर प्रायोजित करतात. त्याच्या पत्रकावर ‘शरीरातील प्लास्टिकचे शोधन’ असे छापण्यास हरकत आहे काय, अशी त्यांची पृच्छा होती.

दोघांनाही मी त्या वेळी धड उत्तर देऊ शकलो नाही. तरुणाला “रक्त अवश्य द्या” एवढेच म्हणालो आणि फार्मसीमालकांकडे आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जे वाचले व जी आकडेमोड केली, ती वैद्यबंधूंपुढे आणि औषधनिर्मात्यांपुढे ठेवावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. हे प्रश्न आता आपणा सर्वांच्याच दवाखान्यात विचारले जाणार आहेत.

प्रथम संज्ञा स्पष्ट करू. पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिककणांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. एक मायक्रॉनपेक्षाही लहान कणांना बहुतेक संशोधक नॅनोप्लास्टिक असे वेगळे नाव देतात. इंग्लंडमधील प्लायमाउथ येथील संशोधकांनी २००४ साली सागरी गाळाच्या अभ्यासात ही संज्ञा रूढ केली. आपली तांबडी रक्तपेशी सात ते आठ मायक्रॉन व्यासाची असते, हे ध्यानात घेतले म्हणजे रक्तात फिरू शकणारा कण किती लहान असावा लागतो याची कल्पना येईल. गिळलेल्या कणांपैकी बहुतांश मलावाटे बाहेर पडतात; अत्यंत लहान कणांचा काही अंश आतड्याची किंवा फुप्फुसाची भिंत ओलांडून आत जातो.

मानवी रक्तात प्लास्टिक आढळल्याचे पहिले ठळक वृत्त २०२२ साली ॲमस्टरडॅमहून आले. तेथील संशोधकांनी २२ निरोगी रक्तदात्यांचे रक्त तपासले. १७ जणांच्या रक्तात मोजता येण्याजोगे प्लास्टिक मिळाले. त्यात पाण्याच्या बाटल्यांचे पेट, वेष्टनांचे पॉलिथिलीन आणि पॉलिस्टायरीन हे प्रमुख होते. सरासरी प्रमाण दर मिलिलिटर रक्तात १.६ मायक्रोग्रॅम भरले. पुढे २०२४ साली इटलीतील शल्यवैद्यांनी मानेच्या रोहिणीतून काढलेल्या मेदाच्या थरांची तपासणी प्रसिद्ध केली. पाठपुरावा पूर्ण झालेल्या २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरांत पॉलिथिलीन होते, आणि अशा रुग्णांत पुढील सुमारे ३४ महिन्यांत हृद्विकार, पक्षाघात वा मृत्यू यांचा धोका इतरांच्या तुलनेत साडेचार पट आढळला. हा संबंध आहे, कारणत्व सिद्ध झालेले नाही. तथापि विषय हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही, हे मान्य करावयास हवे.

आता रक्तदानाची गोष्ट. ही समजूत हवेतून आलेली नाही. तिचे मूळ ऑस्ट्रेलियात आहे. व्हिक्टोरिया राज्याच्या अग्निशमन दलातील २८५ कर्मचाऱ्यांवर झालेली एक चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. आग विझविण्याच्या फेसात ‘पीफास’ या नावाने ओळखली जाणारी फ्लोरिनयुक्त रसायने असत व ती जवानांच्या रक्तात साठलेली होती. जवानांचे चिठ्ठी पद्धतीने तीन गट केले गेले. एका गटाने वर्षभर दर सहा आठवड्यांनी रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा दिला. दुसऱ्याने दर बारा आठवड्यांनी रक्त दिले. तिसऱ्याचे केवळ निरीक्षण झाले. वर्षाअखेर ‘पीफॉस’ या प्रमुख रसायनाचे प्रमाण प्लाझ्मा देणाऱ्यांत दर मिलिलिटर २.९ नॅनोग्रॅमने आणि रक्त देणाऱ्यांत १.१ नॅनोग्रॅमने घटले. निरीक्षणगटात घट नव्हती. दुसऱ्या एका रसायनाची घट मात्र केवळ प्लाझ्मा देणाऱ्या गटातच दिसली. चाचणी चांगली होती, निष्कर्ष स्पष्ट होता. परंतु ती पीफासची चाचणी होती, प्लास्टिककणांची नव्हे. वृत्तपत्रांतून आणि मोबाईलवरील संदेशांतून फिरता फिरता ‘पीफास’ गळून पडले आणि त्या जागी ‘प्लास्टिक’ येऊन बसले, असे दिसते.

हा फरक केवळ नावाचा असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. पीफास हे रेणू आहेत. ते रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतात आणि तेथेच दीर्घकाळ राहतात. पीफॉसचे शरीरातील प्रमाण निम्मे होण्यास काही वर्षे लागतात. अर्थात रक्तद्रव हेच त्यांचे एक मुख्य आश्रयस्थान आहे, आणि रक्तद्रव काढला की त्यासोबत तेही निघतात. सूक्ष्मप्लास्टिक हा घन कण आहे. रक्तात शिरलेल्या परक्या कणांना यकृतातील व प्लीहेतील भक्षकपेशी पकडतात आणि पुष्कळसे कण ऊतींत जाऊन बसतात. रक्त हा त्यांचा मार्ग आहे, मुक्काम नव्हे. हौदातील पाण्यात मीठ विरघळले असेल तर एक बादली पाणी उपसल्याने त्या प्रमाणात मीठही जाते. हौदाच्या तळाशी गाळ बसला असेल तर वरची बादली उपसून गाळ किती निघणार? नागपूरच्या जुन्या वाड्यांतील विहिरी उपसताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे अधिक सांगावे लागू नये.

तरीही आपण ॲमस्टरडॅमचा आकडा खरा मानून हिशेब करून पाहू. प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त धरले, तर १.६ मायक्रोग्रॅम या दराने रक्तातील एकूण प्लास्टिक ८ मिलिग्रॅम होते. आपल्याकडे सामान्यतः ३५० मिलिलिटर रक्त घेतले जाते, त्यासोबत ०.५६ मिलिग्रॅम प्लास्टिक जाईल. आपल्या मानाने सांगावयाचे तर १२५ मिलिग्रॅमच्या एका गुंजेचा सुमारे सव्वादोनशेवा भाग. जलौकेचे सांगायचे झाले तर एक जळू पाच-दहा मिलिलिटर रक्त पिते; म्हणजे फार तर १६ मायक्रोग्रॅम. फार्मसीमालकांना हा आकडा कळविला तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले.

परंतु हिशेबातील खरी अडचण पुढेच आहे. नेदरलँड्समधील वागेनिंगेन येथील संशोधकांनी २०२१ साली अन्न, पाणी व श्वास यांवाटे प्रौढ मनुष्य रोज किती सूक्ष्मप्लास्टिक घेतो याचा अंदाज बांधला. तो दिवसाला ५८३ नॅनोग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे ०.२१ मिलिग्रॅम इतका आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवा. रक्तातील ८ मिलिग्रॅम जमण्यास, गिळलेला प्रत्येक कण शोषला गेला आणि एकही बाहेर पडला नाही असे धरले तरी, ३७ वर्षांहून अधिक काळ लागेल. एका रक्तदानात अडीच वर्षांचे प्लास्टिक निघते, असे सुंदर घोषवाक्यही यातून बनविता येईल; मात्र ते बनविणाऱ्याने आपण काय करीत आहोत याचा विचार करावा. वस्तुतः या दोन आकड्यांपैकी निदान एक तरी सत्यापासून फार दूर आहे. रोजच्या सेवनाचा अंदाज काही निवडक पदार्थांवर बेतलेला असून त्यात एक मायक्रॉनखालील कण धरलेले नाहीत, म्हणून तो कमी असू शकतो. दुसरीकडे रक्ताचे नमुने घेताना, साठविताना व तपासताना प्रयोगशाळेच्या हवेतील, हातमोज्यांतील आणि नळ्यांतील प्लास्टिक मिसळण्याचा धोका मोठा असतो. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी त्याबाबत काळजी घेतली होती, पण २२ दाते ही संख्या लहान आहे. ज्या द्रव्याचे शरीरातील मान इतके अस्थिर आहे, ते ‘घटले’ असे छातीठोक सांगणे शास्त्रबुद्धीला धरून नाही. रक्तदानापूर्वी व नंतर सूक्ष्मप्लास्टिक मोजून घट दाखविणारी नियंत्रित चाचणी माझ्या वाचनात आलेली नाही.

परदेशात याहून महागडा मार्ग निघाला आहे. रक्त शरीराबाहेर काढून, त्यातील रक्तद्रव गाळून ते पुन्हा आत सोडण्याची प्रक्रिया लंडनमध्ये सुमारे दहा हजार पौंडांत प्लास्टिक काढण्यासाठी म्हणून विकली जाते. एका प्रसिद्ध इंग्रज नटाने २०२५ साली ती करून घेतल्यावर तिचा बराच गाजावाजा झाला. त्याच वर्षी जर्मनीत अशी प्रक्रिया केलेल्या २१ रुग्णांच्या गाळीव द्रवात पॉलिअमाइड व पॉलियुरेथेन यांच्याशी साम्य असणारे पदार्थ आढळल्याचे प्रसिद्ध झाले. परंतु पॉलिअमाइडमधील रासायनिक बंध प्रथिनांतही असतो, म्हणून ओळख पटविण्यात गफलत संभवते. शिवाय रुग्णाच्या रक्तातील प्रमाण किती घटले हे त्या अभ्यासात मोजलेले नाही. आणि ज्या यंत्रातून रक्त फिरविले जाते त्याच्या नळ्या, पिशव्या व गाळण्या कशाच्या असतात, हे निराळे सांगावयास नको.

रक्तमोक्षणाशी गल्लत

आपल्या व्यवसायबंधूंना हा विषय आकर्षक वाटतो याचे कारण मी समजू शकतो. चरकांनी विषचिकित्सेचे जे चोवीस उपक्रम सांगितले त्यांत रक्तमोक्षण आहे. सुश्रुतांनी कल्पस्थानात वर्णिलेले दूषीविष, म्हणजे शरीरातून पूर्णपणे न निघालेले, मंदवीर्य होऊन वर्षानुवर्षे राहणारे आणि देश, काल, अन्न व दिवास्वाप यांनी पुनःपुन्हा कुपित होणारे विष, हे आजच्या अशा प्रदूषकांना समजून घेण्यास अतिशय उपयुक्त असे चित्र आहे. विद्यार्थ्यांपुढे हा विषय मांडताना मीही तीच संज्ञा वापरतो. पण साम्य दिसले म्हणून चिकित्सा सिद्ध होत नाही. दूषीविषारी अगदाची वा सिराव्यधाची सूक्ष्मप्लास्टिकावर परीक्षा झालेली नाही, आणि तशी ती झाल्यासारखे आपण बोलू लागलो तर उद्या त्वग्रोगांत किंवा वातरक्तात रक्तमोक्षणाचा जो प्रत्यक्ष अनुभव आपल्या गाठी आहे, त्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

त्याहून मूलभूत मुद्दा असा की रक्तमोक्षण आणि रक्तदान ही एकमेकांच्या उलट कर्मे आहेत. रक्तमोक्षणास रक्तदुष्टी लागते. कोणत्या दोषाने दुष्ट झालेले रक्त कोणत्या वर्णाचे असते, ते केव्हा आपोआप थांबते, किंचित दोष शिल्लक राहिला तरी अतिस्राव का होऊ देऊ नये, हे सारे सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या चौदाव्या व शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात बारकाईने सांगितले आहे. बाल, वृद्ध, क्षीण, गर्भिणी, पांडुरोगी यांना सिराव्यध वर्ज्य आहे. बलवान रुग्णातही एक प्रस्थ ही परम मर्यादा असून, शोधनकर्मातील प्रस्थ साडेतेरा पलांचा धरला तर ते सुमारे ६५० ग्रॅम होते. बाहेर पडलेले ते रक्त टाकून द्यावयाचे असते. रक्तदानात याच्या नेमके उलट. दाता निरोगी हवा, रक्त शुद्ध हवे, आणि त्या रक्ताचा थेंबही वाया जाता कामा नये. जो मनुष्य आपल्या रक्तात विष आहे असे मानून ते काढून टाकण्यासाठी शिबिरात येतो, तो आपल्या समजुतीप्रमाणे ते विष दुसऱ्याच्या शिरेत सोडत असतो. त्या तरुणाला हे मी नंतर सांगितले तेव्हा तो चपापला. त्याने तसा विचारच केला नव्हता.

तो दुसरा कोण, हे विदर्भातील वैद्याला सांगावे लागत नाही. सिकलसेलचे रुग्ण आपल्याकडे मोठ्या संख्येने आहेत. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन अभियानाचे महत्त्व या भागाइतके क्वचित कोठे असेल. थॅलसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. त्याला मिळणारे रक्त ज्या पिशवीत असते ती पीव्हीसी प्लास्टिकची असून, तिला मऊपणा आणणारे डीईएचपी नावाचे द्रव्य तीतून झिरपून रक्तात उतरते. गंमत अशी की तेच द्रव्य तांबड्या पेशींचे आवरण टिकविण्यास मदत करते, म्हणून ते सहजासहजी बदलता आलेले नाही. युरोपीय संघाने वैद्यकीय साधनांत त्याच्या वापरास २०३० पर्यंत मुदत दिली आहे. काचेच्या बाटल्यांच्या जागी प्लास्टिकची पिशवी आली ती १९५० च्या सुमारास, अमेरिकेत. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने रक्तपिशवीचे तंत्र विकसित केले व तेव्हापासून ती स्वस्तात मिळू लागली. बाटल्या फुटत, जंतुसंसर्ग होई, घटकद्रव्ये वेगळी करता येत नसत. त्या पिशवीने असंख्य प्राण वाचविले आहेत. प्लास्टिकाविषयी बोलताना ही बाजूही विसरता येत नाही.

दात्याचे हित

वारंवार रक्त देण्याचा सल्ला ‘शोधन’ म्हणून दिला गेला तर तोटा कोणाचा, हेही पाहावयास हवे. ३५० मिलिलिटर रक्तासोबत सुमारे दीडशे ते पावणेदोनशे मिलिग्रॅम लोह जाते. ते भरून येण्यास काही महिने लागतात. इंग्लंडमध्ये सुमारे ४५ हजार दात्यांवर झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रक्तदानातील अंतर कमी केल्यावर रक्त अधिक मिळाले, पण हिमोग्लोबिन व लोहाचा साठा खाली आला आणि थकवा, चक्कर यांच्या तक्रारी वाढल्या. तेथील दाते आपल्यापेक्षा सुपोषित असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया पांडुग्रस्त आहेत. त्यांपैकी एखादी ‘प्लास्टिक काढण्यासाठी’ म्हणून रांगेत उभी राहिली तर तिला परत पाठविणे हेच वैद्याचे काम.

नियम स्पष्ट आहेत. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम वा अधिक; पुरुषांसाठी दोन रक्तदानांत ९० दिवसांचे व स्त्रियांसाठी १२० दिवसांचे अंतर. ४५० मिलिलिटरची पिशवी ५५ किलोंहून अधिक वजनाच्या दात्यासाठीच. या चौकटीत राहून जो रक्त देतो त्याला अपाय होत नाही. दात्याने आजार, औषधे, प्रवास यांची माहिती मोकळेपणाने द्यावी यावर घेणाऱ्याची सुरक्षितता अवलंबून असते; आणि स्वतःच्या लाभासाठी आलेला दाता अपात्र ठरू नये म्हणून काही गोष्टी लपवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली, तिच्यामागेही हेच एक कारण होते.

फार्मसीमालकांसाठी

आत शिरलेले काढण्याचे साधन आज हाती नसताना, आत शिरू न देणे एवढेच उरते. आपल्या परिभाषेत निदानपरिवर्जन. येथे मात्र औषधनिर्माते आणि औषधविक्रेते पुष्कळ काही करू शकतात, कारण उष्णता आणि प्लास्टिक यांची गाठ आपणच अनेकदा घालून देतो. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० साली दाखविले की कागदी पेल्यात १०० मिलिलिटर कढत पाणी १५ मिनिटे राहिले, तर आतल्या प्लास्टिकच्या अस्तरातून सुमारे २५ हजार सूक्ष्मकण पाण्यात उतरतात. शिबिरात त्या तरुणाला रक्तदानानंतर आम्ही चहा दिला तो याच पेल्यात. कॅनडातील एका अभ्यासाने २०१९ साली प्लास्टिकच्या जाळीच्या एका चहापुडीतून ९५ अंशांच्या पाण्यात अब्जावधी कण सुटल्याचे नोंदविले. त्या आकड्यावर पुढे वाद झाला, तथापि ज्या फार्मसी काढ्याच्या ‘डिप’ पुड्या नायलॉनच्या वा पेटच्या जाळीत भरतात त्यांनी कापडी किंवा निखळ कागदी पुडीचा विचार जरूर करावा. ताजा क्वाथ उकळता असतानाच प्लास्टिकच्या बाटलीत वा पिशवीत भरून रुग्णाच्या हाती देण्याची चाल आपल्या शहरातील कित्येक दवाखान्यांत आहे. तो स्टीलच्या डब्यात द्यावा, अथवा रुग्णाला भरड देऊन घरीच काढा करावयास सांगावे. सिद्ध तेल व घृत कोमट होईपर्यंत थांबून मगच भरावे, आणि शक्य तेथे काचेत. काच महाग पडते, वाहतुकीत फुटते, हे मला ठाऊक आहे. आसव-अरिष्टांच्या बाबतीत तरी ग्राहक तेवढे चार रुपये अधिक देतो, असा अनुभव आहे.

कच्च्या मालाचीही थोडी बातमी आहे. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने २०२४ साली बाजारातील दहा प्रकारचे मीठ व पाच प्रकारची साखर तपासली. सर्वांतच सूक्ष्मप्लास्टिक आढळले. आयोडीनयुक्त मिठात ते सर्वाधिक, किलोमागे सुमारे ८९ कण, आणि सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या सैंधवात सर्वांत कमी, किलोमागे सात कणांहूनही कमी होते. नमुने थोडे होते, त्यामुळे यावरून सैंधवाची जाहिरात करू नये. पण लवणभास्कर किंवा हिंग्वष्टक करणाऱ्याने सैंधव कोणत्या गोणीतून येते, ते चाळताना प्लास्टिकची चाळणी वापरली जाते काय, खलातील द्रव्य खरडण्यास कोणते साधन आहे, एवढे आपल्या कारखान्यात एकदा पाहून यावे. त्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही.

फार्मसीमालकांना मी शेवटी लिहून कळविले की पत्रकावर ‘प्लास्टिकचे शोधन’ हे शब्द घालू नयेत. विचर्चिका, वातरक्त, इंद्रलुप्त यांसारख्या ज्या अवस्थांत जलौकावचरणाचा अनुभव आहे त्यांचीच तपासणी शिबिरात व्हावी, आणि हिमोग्लोबिन पाहिल्याखेरीज कोणासही जळू लावू नये. त्यांनी पत्रकाचा मजकूर बदलला. जळवा मात्र ते अजूनही प्लास्टिकच्या बरणीत ठेवतात. मातीच्या भांड्याविषयी पुढच्या भेटीत बोलावयाचे ठरले आहे.